कोरी पट्टी

जिपारा माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. बिश्केकमध्ये, ओश बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका शिवणकामाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दिवसभर खालून शिलाई मशीनचा आवाज यायचा आणि थंडीत आम्ही सगळे अंगावर कोट घालूनच काम करायचो. ड्रायव्हर लोकांसाठी आम्ही एक वेबसाइट चालवत होतो. कोणता घाट खुला, कोणता बंद, कुठे चाकांना साखळ्या लावल्याशिवाय जाता येणार नाही, हे त्यावर कळायचं. रंग आणि अक्षरं ठरवणं माझं काम. जिपाराचं काम तपासण्याचं.

वेबसाइटवर रस्त्याची स्थिती सांगणारी एक लहानशी पट्टी होती. हिरवी म्हणजे खुला, पिवळी म्हणजे साखळ्या, लाल म्हणजे बंद. ती एकदाच बनवलेली होती आणि जिथे हवी त्या पानावर तीच नेऊन बसवायची, अशी व्यवस्था होती. आमच्या धंद्यात असल्या सुट्या तुकड्याला कॉम्पोनंट म्हणतात, पण ऑफिसात सगळे पट्टीच म्हणायचे. ती तिलेकने लिहिली होती. तिलेक हुशार मुलगा, आणि ते त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं.

जिपारा ती पट्टी पानापासून वेगळी काढायची आणि तिला लटकी बातमी द्यायची. घाट बंद, कारण दरड. घाट खुला, कारण बर्फ काढला. मग पट्टी काय रंगवते, काय लिहिते हे पाहायचं. हे रोज हाताने कोण करणार? म्हणून तिने टेस्ट लिहून ठेवल्या होत्या. बटण दाबलं की त्या एकामागून एक चालायच्या आणि सगळं ठीक असेल तर स्क्रीनवर हिरवे ठिपके उमटायचे. तुकडा एकटा असताना नीट वागला तर पानावरही नीट वागेल, असं ती म्हणायची, आणि तिचं म्हणणं आजवर खोटं पडलेलं नव्हतं.

तिला एक मामा होते, एशेन. आमच्याकडे मामाला तायके म्हणतात. बिश्केकहून घाट ओलांडून तलासला माणसं नेणारी एक जुनी व्हॅन त्यांच्याकडे होती. जिपाराला या आईच्या भावाचं फार कौतुक. शाळेत असताना उन्हाळ्यात ती त्यांच्याबरोबर पुढच्या सीटवर बसून घाटापलीकडच्या सूसामीरपर्यंत जायची. वेबसाइट सुरू झाली तेव्हा तिने स्वतः त्यांच्या फोनवर ती लावून दिली. नुसती लावली नाही, तर त्यांचं बोट धरून शिकवलं. ‘माझा रस्ता’ हे पान असं उघडायचं, वर पट्टी दिसेल, ती बघायची आणि मगच गाडी काढायची.

त्या हिवाळ्यात एके दिवशी दुपारी तिच्या आईचा फोन आला. एशेन सकाळीच माणसं घेऊन निघालाय आणि त्याचा फोन लागत नाही, घाटात बर्फाचा कडा कोसळल्याचं शेजारी म्हणतात, तुमच्या त्या वेबसाइटवर काय आहे ते बघ. जिपाराने बघितलं. पहिल्या पानावरच्या नकाशात घाटाचा रस्ता लाल होता. ‘माझा रस्ता’ उघडलं, तिथेही लाल पट्टी. बंद, कारण हिमस्खलन.

ती बुचकळ्यात पडली. तायके पट्टी बघितल्याशिवाय निघत नाहीत हे तिला माहीत होतं. लाल पट्टी बघून ते निघणार नाहीत हेही माहीत होतं. आणि ते तर निघाले होते. तिने टेस्ट चालवल्या. सगळे ठिपके हिरवे. पुन्हा चालवल्या, पुन्हा हिरवे. तिलेक म्हणाला की पट्टीत काही खोट नाही, माणूस घाईत न बघता गेला असेल. मीही तेच म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तायके सापडले, जिवंत सापडले. हिमाचा आणखी एक लोंढा त्यांच्या व्हॅनच्या पुढे, हाकेच्या अंतरावर उतरला होता. मागे वळायला जागा नव्हती. सगळ्या प्रवाशांना त्यांनी चालवत खालच्या टपरीपर्यंत आणलं, एका म्हातारीला तर पाठीवर घेऊन. गाडीखालचा बर्फ उपसताना हातमोजे भिजले ते त्यांनी काढून टाकले, आणि त्यात डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली. बिश्केकच्या हॉस्पिटलात आणल्यावर डॉक्टरांनी त्या बोटांची पेरं काढली.

जिपारा त्यांना भेटायला गेली तेव्हा ते पलंगावर बसून शेजारच्या रोग्याला घोड्याच्या मटणाचा सॉसेज कापून देत होते. तिने आधी तब्येतीची चौकशी केली, आईने पाठवलेले पिठाचे तळलेले बोर्सोक पुढे ठेवले आणि मग राहवेना तेव्हा विचारलं.

“तायके, निघताना पट्टी बघितली होती?”

“बघितली की. तूच सांगितलंयस ना.”

“मग काय लिहिलं होतं? खुला?”

“नाही.”

“बंद?”

“बंद असतं तर निघालो असतो का, पोरी?”

“मग पिवळी असेल. साखळ्या.”

“अगं, काहीच नव्हतं. वर तुमचं नाव होतं, खाली माझ्या रस्त्याचं नाव होतं. मधे काही नाही. म्हटलं, सांगण्यासारखं काही नसेल. निघालो.”

तिचा विश्वास बसला नाही. पट्टीचा रंग चुकू शकतो, अक्षर चुकू शकतं, पण पट्टीच नाही असं कसं होईल? औषधांच्या गुंगीत ते बोलताहेत असं तिला वाटलं. बाहेर आल्यावर तिने मला फोन करून हे सगळं सांगितलं आणि विचारलं की नेट गेलं तर असं दिसेल का. मी म्हटलं, मग सबंध पानच दिसणार नाही. 

दुसऱ्या दिवशी तिने तिलेकच्या मागे लागून त्या सकाळची मूळ बातमी काढून घेतली. घाटाखाली चहाचं दुकान चालवणारा एक माणूस आम्हाला बातम्या पाठवायचा. त्या सकाळी त्याने घाईघाईत ‘बंद’ एवढंच दाबलं होतं आणि फावडं घेऊन तो धावला होता. ‘कारण’ हा रकाना त्याने दुपारी परत आल्यावर भरला. म्हणजे जिपाराने दुपारी बघितलेली बातमी आणि तायकेंनी सकाळी बघितलेली बातमी एक नव्हती.

तिने सकाळची बातमी, जशी होती तशी, पट्टीला दिली. स्क्रीन पांढरी राहिली. लाल नाही, हिरवी नाही, एक रेघसुद्धा नाही. तिने मला बोलावलं. आम्ही दोघी त्या पांढऱ्या जागेकडे बघत उभ्या राहिलो. नकाशातला रस्ता लाल होता, कारण नकाशा स्वतःचा रंग स्वतः भरायचा, त्याचा पट्टीशी संबंध नव्हता. मग तिने टेस्ट चालवल्या आणि सगळे ठिपके हिरवे आले.

“हे कसं शक्य आहे?” ती म्हणाली. रागाने नाही. रस्ता चुकलेला माणूस विचारतो तसं.

टेस्ट उघडून ओळीनओळ वाचल्यावर कळलं. कारण नसलेली बातमी आली तर काय, याचा विचार तिने आधीच केला होता. त्यासाठी तिची एक टेस्टही होती. तीत लिहिलं होतं की अशा वेळी पट्टीने ‘खुला’ म्हणता कामा नये. आणि पट्टी ‘खुला’ म्हणाली नव्हतीच. ती काहीच म्हणाली नव्हती. टेस्ट पास.

ती तिलेककडे गेली. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला की ही चूक नाही, हे मुद्दाम केलंय. कारण नाही म्हणजे बातमी अर्धवट, आणि अर्धवट बातमी आली तर पट्टीने उमटायचंच नाही, असा नियम त्याने घातला होता. तोही स्वतःच्या मनाने नाही. आदल्या वर्षी कुणीतरी उगाच ‘बंद’ दाबलं होतं, ड्रायव्हर लोक घाटाखालच्या कारा-बाल्टा गावात ताटकळत बसले आणि संध्याकाळी फोनवर आम्हाला शिव्या घालत होते. तेव्हा आमच्या मालकीणबाई वेनेरा, ज्यांना सगळे एजे म्हणजे ताई म्हणायचे, त्यांनीच सांगितलं होतं की ज्याचा आगापीछा नाही असलं काही दाखवू नका. तिलेकची त्यासाठी स्वतःची टेस्ट होती. कारण नसेल तर पट्टी कोरी. तीही पास.

जिपाराने नवी टेस्ट लिहिली. बंद म्हटलं असेल तर, कारण असो वा नसो, पट्टी लाल दिसलीच पाहिजे. चालवली. लाल ठिपका, म्हणजे नापास. बरोबरच होतं. मग तिने तिलेकचा नियम काढला आणि पुन्हा चालवली. तिची टेस्ट हिरवी झाली, तिलेकची लाल. नियम परत घातला, तिलेकची हिरवी, तिची लाल. सकाळभर ती हेच करत होती. मी म्हटलं, अगं, त्याची टेस्ट पुसून टाक. ती म्हणाली, “कुठल्या हक्काने? त्याचंही खरंच आहे ना.”

दोन टेस्ट, दोन्ही नीट लिहिलेल्या, आणि दोन्ही एका वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या. आपण इतके दिवस नेमकं काय तपासत होतो, हेच तिला कळेनासं झालं. पट्टी बरोबर आहे की नाही, हे सांगायला आधी बरोबर म्हणजे काय हे कुणालातरी ठाऊक असायला हवं होतं.

वेनेरा एजेंनी तिला आणि तिलेकला खोलीत बोलावलं. एजे मूळच्या गणिताच्या शिक्षिका, आवाज कधी चढवायच्या नाहीत. कोरी पट्टी म्हणजे आम्हाला ठाऊक नाही, असं त्या म्हणाल्या, आणि हे कुणालाही समजेल. जिपारा म्हणाली की माझ्या मामांना नाही समजलं. एजेंनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि हळूच विचारलं, की हे तू कामाचं बोलते आहेस की घरचं.  बाहेर येऊन जिपारा मला म्हणाली की खरंच, मला सांगता येत नाही.

संध्याकाळी ती पुन्हा हॉस्पिटलात गेली. सगळं सांगून टाकायचं असं तिने ठरवलं होतं. तायकेंच्या हाताला जाड पट्टी बांधलेली होती आणि ते उजव्या हाताने चहा पीत होते. तिने सांगितलं की फोनवरची ती पट्टी तपासायचं काम आपल्याकडे होतं.

“तपासायचं म्हणजे? तू तिची परीक्षा घेतेस?”

“हो. तसंच काहीसं.”

“मग पास झाली?”

“झाली. त्या दिवशीसुद्धा पास होती.”

“मग तू रडतेस कशाला?” ते म्हणाले. “पास झाली ना.”

ती रडत नव्हती, असं तिने मला नंतर सांगितलं. फक्त बाहेरच्या थंडीतून आत आल्यावर डोळ्यांना येतं तसं पाणी आलं होतं. तायकेंनी तिला चहा ओतून दिला आणि शेजारच्या रोग्याला सांगितलं की ही माझी भाची, कॉम्प्युटरची मास्तरीण आहे. त्यांनी माफ केलं की त्यांना काही कळलंच नाही, हे तिला काही केल्या ठरवता येईना.

त्यानंतरचे काही दिवस ती जेवणाच्या सुट्टीत पश्चिमेच्या बसस्थानकावर जायची. एकदा मीही गेले. गाड्या भरायची वाट बघत ड्रायव्हर सूर्यफुलाच्या बिया सोलत उभे असतात तिथे. ती फोन पुढे करून कोरं पान दाखवायची आणि विचारायची, की दादा, हे बघून तुम्ही काय समजाल. एक जण म्हणाला, रस्ता मोकळा आहे. दुसरा म्हणाला, फोन बिघडलाय. तिसऱ्याने तिच्या हातातून फोन घेऊन झटकला आणि नेटचे पैसे संपले असतील असं सांगितलं. पांढरी उंच लोकरीची टोपी, कालपाक, घातलेल्या एका म्हाताऱ्याने बराच वेळ निरखून विचारलं, “पोरी, तू काही विकतेयस का?” आणि एक जण हसून म्हणाला की मी असलं काही बघतच नाही, वरून उतरणाऱ्या गाडीला दिवा दाखवून थांबवतो आणि विचारतो. आम्हाला ठाऊक नाही, असा अर्थ मात्र एकानेही काढला नाही.

 मला वाटलं होतं की तिची बाजू खरी ठरली म्हणून तिला बरं वाटेल. पण परत येताना ती म्हणाली की बाजू कुठली खरी ठरली? लाल दाखवली तर यातले निम्मे दुसऱ्या दिवशी म्हणतील पट्टी खोटी बोलते, आणि मग खरी लाल असली तरी बघणार नाहीत.

तिने एजेंना बसस्थानकावरचं सगळं सांगितलं. एजे त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नावर हसल्या आणि मग विचारात पडल्या. शेवटी असं ठरलं की पट्टी कधीच कोरी राहणार नाही. बातमी अर्धवट असेल तर करडी पट्टी येईल आणि तिच्यावर लिहिलेलं असेल, पक्की बातमी नाही, घाटाखाली विचारून जा. तिलेकने कुरकुर केली, पण स्वतःची टेस्ट स्वतःच्या हाताने बदलली. जिपाराने सगळ्या टेस्ट नव्याने लिहायला घेतल्या. आता पट्टी काय म्हणते हे बघायच्या आधी पट्टी आहे का, हे ती बघायची. आणि एकट्या पट्टीवर न थांबता, ज्या ज्या पानावर ती बसवली होती ते प्रत्येक पान उघडून बघायची. काम फार हळू झालं. 

करडी पट्टी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत फोन येऊ लागले. लोक विचारत होते की घाटात ढग आहेत का. करडा रंग बघून त्यांना वाटलं की ही हवामानाची पट्टी आहे. पट्टीवरची अक्षरं कुणी वाचतच नव्हतं. एजेंनी माझ्याकडे बघितलं, मी जिपाराकडे बघितलं. टेस्ट तर हिरव्या होत्या. पट्टी होती, करडी होती, अक्षरं जागच्या जागी होती. आम्ही अक्षरं मोठी केली. फोन थोडे कमी झाले.

वसंतात तायके बरे होऊन पुन्हा गाडी चालवू लागले, त्या आनंदात जिपाराच्या आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मलाही बोलावणं होतं. मटण-शेवयांचं बेशबर्माक झालं, चहा झाला, आणि पाहुणे घाटातला तो प्रसंग तायकेंच्या तोंडून पुन्हा ऐकायला बसले. प्रत्येक वेळी म्हातारीचं वजन वाढत चाललं होतं. त्या दिवशी बोलता बोलता ते एक नवीन सांगून गेले. कारा-बाल्टाला सूप प्यायला थांबलो तेव्हा वरून आलेला एक ट्रकवाला म्हणाला होता, की घाट बंद झालाय, जाऊ नकोस.

जिपाराने हातातला पेला खाली ठेवला.

“तायके, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“तू कधी विचारलं नाहीस.”

“म्हणजे बंद आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“तो म्हणत होता. मी म्हटलं, बंद असता तर माझ्या भाचीच्या पट्टीवर आलं असतं. पट्टीवर तर काही नाही. हा काहीतरी ऐकीव सांगतोय.”

“म्हणजे पट्टीमुळे गेलात.”

 मग त्यांनी राहिलेल्या बोटांनी टोपी मागे सारली.

“आता बघ. त्या म्हातारीच्या भावाचं मयत होतं तलासला. माती पडायच्या आत तिला पोचायचं होतं. सकाळपासून ती माझ्या मागे बसून रडत होती. पट्टी लाल असती तरी तिला उतर म्हणायला माझी जीभ वळली असती का, देव जाणे.”

“मग नक्की कशामुळे गेलात?”

“ते आता कसं सांगू?” ते म्हणाले. “निघालो, एवढं खरं.”

आणि ते पुन्हा पाहुण्यांकडे वळले.

घरी जाताना मी तिच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेले. मला वाटलं होतं की हे ऐकून तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तिला मात्र ते जास्त झालं की कमी झालं हेच सांगता येत नव्हतं. माणसाच्या शब्दापेक्षा त्यांनी तिच्या पट्टीवर विश्वास ठेवला, हे एकीकडे. पट्टी असती-नसती तरी ते गेलेच असते, हे दुसरीकडे. आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच दमात सांगितलेल्या. ती म्हणाली की याची टेस्ट लिहिता येत नाही. ती विनोद करत होती की काय, ते मला कळलं नाही.

ती अजून माझ्या समोरच बसते. वेबसाइट वाढली, पट्ट्याही वाढल्या, आणि त्या सगळ्या तपासायला आता तिच्या हाताखाली आणखी दोन माणसं आहेत. तायकेंनी मात्र फोनवर पट्टी बघणं सोडून दिलंय. निघण्याआधी ते थेट जिपाराला फोन लावतात आणि विचारतात की घाट कसा आहे. ती समोरची स्क्रीन उघडते, ‘माझा रस्ता’ हे पान काढते, आणि पट्टीवर जे असेल ते त्यांना वाचून दाखवते. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं आणि ते गाडी काढतात. ती मात्र फोन ठेवल्यावर थोडा वेळ ते पान तसंच उघडं ठेवते.